चाकामागचा दगड

५ फेब्रुवारी १९६१, रविवार. दिवेलागणीनंतर.

आज मरोद्याच्या बंधाऱ्यावर जीपनं कमाल केली. तपशील लिहून ठेवतो, पुढं कामी येईल.

बंधाऱ्याचा चढ अरुंद. वरून मातीचे ट्रक उतरतात, त्यामुळे मध्यावर थांबावंच लागतं. जीप मिलिटरी डिस्पोजलची, मी स्वतः नटबोल्टापासून उभी केलेली. हँडब्रेक धरत नाही. कॉम्प्रेशन उतरलेलं, म्हणून गिअरात ठेवून बंद केली तरी मागे सरकते. यावर माझी पद्धत अशी: मी ब्रेक दाबून बसायचं. ललितानं उतरायचं, सीटखालचा दगड काढून मागच्या चाकाला लावायचा आणि 'हं' म्हणायचं. 'हं' आलं की ब्रेक सोडून क्लच आणि ॲक्सिलरेटर. चढावर पुन्हा थांबणं शक्य नाही, म्हणून मी थेट वर जाऊन थांबतो. ती दगड घेऊन चालत वर येते. जीप घेतल्यापासून एकदाही तक्रार नाही.

आज 'हं' आलं आणि गाडी अशी उचलली की बोटभरसुद्धा मागे आली नाही. इंजिनाचा सूर इतका जमला होता की वर थांबून तो मोडावासा वाटेना. तसाच क्वार्टरपर्यंत आलो. दाराला कुलूप. किल्ली ललिताजवळ.

तेव्हा लक्षात आलं.

पायरीवर बसलो. आणायला जाणारच होतो, पण ती कोणत्या रस्त्यानं निघाली असेल ते ठाऊक नव्हतं. उगाच चुकामूक झाली असती. दिवे लागले तेव्हा ती गल्लीच्या टोकाशी दिसली. पायी. कडेवर दगड. मीच बजावून ठेवलं होतं की दगड हाच पाहिजे, दुसरा घसरतो. तिनं तो पायरीवर ठेवला, कुलूप उघडलं, चहा मांडला. स्वतः न घेताच आत गेली. थकली असावी.

दगड शाबूत आहे.

७ फेब्रुवारी, मंगळवार.

ललिता सकाळच्या पॅसेंजरनं गोंदियाला गेली, भावाकडे. थोडे दिवस राहून येतो म्हणाली. मोठी पेटी नेली. गोंदियाला थंडी जास्त असते, कपडे लागतात.

शिलाईची मशीनही नेली. पट्टा सैल झाला होता, बहुतेक दुरुस्तीला. मी घरात असताना मशीन बाहेर दुरुस्त करायला नेणं मला लागलं. पण बोललो नाही. आल्यावर बोलू.

१० फेब्रुवारी, शुक्रवार.

कॅन्टीनमध्ये जेवलो. भाकर स्वतः करून पाहिली होती, तवा बरोबर नाही.

१२ फेब्रुवारी, रविवार.

शांतपणे विचार केला. बिघाड शोधायची रीत एकच असते: शेवटचं काय हललं ते पाहायचं. शेवटचा हलला तो दगड. म्हणजे कारण दगड.

उपायही सापडला. वाचनालयात एक अमेरिकन मासिक आहे, त्यात हिल-होल्डर नावाच्या वस्तूबद्दल लिहिलंय. मी चौथीपर्यंत शिकलो, बाकी सगळं हातानं आणि डिक्शनरीनं. डिक्शनरी घेऊन बसलो आणि समजून घेतलं. ब्रेकच्या नळीत एक डबी बसवायची, डबीत पोलादी छर्रा. गाडीचं नाक वर झालं की छर्रा मागे घरंगळतो आणि भोक बुजवतो. तेल अडकतं. ब्रेकवरचा पाय काढला तरी, क्लच दाबलेला आहे तोवर, गाडी जागची हलत नाही. क्लच सोडला की छर्रा बाजूला, गाडी पुढे.

उतरायला नको. दगड नको. 'हं' नको.

संकल्प: चौदा एप्रिलच्या जयंतीच्या आत हे तयार करायचं. ललिता जयंतीला येतेच. बायकांच्या गाण्यात पहिला आवाज तिचा असतो.

१९ फेब्रुवारी, रविवार.

डबी लेथवर कातली. सुरेख झाली. रामाजी फिटर आला होता, कारखान्यात माझ्याच सेक्शनमधला. डबी उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाला, दादा, एवढ्या खटपटीपेक्षा हँडब्रेकचा लायनर बदलवून टाका न, अर्ध्या दिवसाचं काम आहे. मी त्याला सांगितलं की हँडब्रेक हा उपाय नव्हे, पळवाट आहे. तर म्हणतो कसा, गाडी मागं सरकली त तुमाले झोप नाई लागत, अन् वहिनी दोन हप्ते झाले गेल्या, तिकडं काहून जाऊन नाई राहिले? मी म्हटलं, तिच्यासाठीच तर करून राहिलो बे हे. तो हसला. रामाजीचं ज्ञान पान्यापुरतं आहे.

२६ फेब्रुवारी, रविवार.

पहिली चाचणी. छर्रा अडकला. गाडी चढावर थांबली, ती क्लच सोडला तरी सुटेना. बंधाऱ्यावर माती वाहणाऱ्या रेजा बाया टोपल्या ठेवून जमल्या. एकजण म्हणाली, मिस्तरी के गाड़ी रिसा गे हे. म्हणजे रुसली. सगळ्या हसल्या आणि मग सगळ्यांनीच ढकलली.

दोष डिझाइनमध्ये नाही. छर्रा जुन्या बेअरिंगमधला होता, एका अंगानं झिजलेला.

२ मार्च, गुरुवार.

देवाजी भेटला. ललिताचा भाऊ, रेल्वेत आहे, मालगाडीवर दुर्गपर्यंत येतो. मी ड्यूटीवरून सरळ दुर्ग स्टेशनवर गेलो. जयभीम झाला. त्याला प्लॅटफॉर्मवर खडूनं आकृती काढून सगळी रचना समजावली आणि म्हटलं, जशीच्या तशी ललिताला सांग. तो ऐकत होता. मग म्हणाला, भाऊजी, हे माझ्यानं नाई सांगणं होत. तुमीच या न घरी. काही नका आणू, काही नका सांगू, फक्त या अन् बसा. बाई काही म्हणत नाई, पण मशीनवर बसली की बसूनच राहते. सुई चालत नाई.

म्हणजे पट्टा अजून दुरुस्त झालेला नाही. मी आधीच म्हटलं होतं.

जायला हरकत नव्हती. पण अर्धवट काम घेऊन कसा जाणार? तयार झाल्यावर जावं.

देवाजीला तेलातला दाब कळत नाही, त्यामुळे निरोप नीट पोचेल असं वाटत नाही.

५ मार्च, रविवार.

छर्रा नवा घातला. तेल गळतं. वॉशर तांब्याचा पाहिजे.

१२ मार्च, रविवार.

शेजारच्या भीमाबाईनं वांग्याची भाजी पाठवली, मग मागोमाग स्वतःच आली. वयानं मोठी आहे, तोंडाला येईल ते बोलते. म्हणाली, पुंडलिक, ते बाई दगडासाठी नाई गेली रे बाप्पा. दगड त तिनं दोन वर्षं उचलला. तू एक डाव मागं वळून नाई पायलं, त्याचं तिले लागलं.

विचार केला. तिच्या म्हणण्यात तथ्य आहे. जीपला आरसा नाही. डिस्पोजलमध्ये मिळाली तेव्हाच नव्हता.

आरसा बसवायचा.

१५ मार्च, बुधवार.

आरसा बसवला. ट्रकचा आहे, मोठा. मागचं सगळं स्वच्छ दिसतं.

२६ मार्च, रविवार.

यश!

मध्यावर थांबलो. क्लच दाबलेला, ब्रेकवरून पाय काढला. गाडी जागची हलली नाही. खाली उतार, वर आभाळ, आणि जीप खिळल्यासारखी. रेजा बायांची सुट्टी होती, त्यामुळे पाहायला कुणी नव्हतं.

एक लहानशी अडचण. क्लच सोडायची वेळ कोणती ते पायाला समजेना. पाय 'हं'ची वाट पाहत होता. शेवटी मीच मोठ्यानं 'हं' म्हटलं आणि निघालो.

ही सवय जाईल.

२ एप्रिल, रविवार.

देवाजीचा निरोप: ललिता जयंतीला येणार. मी म्हटलंच होतं.

संकल्प: १. जीपला हिरवा रंग. २. तिच्या सीटला कापूस भरून गादी. ३. दगड घरी ठेवायचा. सीटखाली दगड दिसला तर तिला वाटेल, व्यवस्थेवर माझाच विश्वास नाही.

९ एप्रिल, रविवार.

गादी शिवली. हातानं, मशीन नाही म्हणून. टाके वाकडे आहेत पण मजबूत.

१४ एप्रिल, शुक्रवार. जयंती.

जे झालं ते क्रमानं लिहितो.

ललिता काल रात्रीच आली आणि भीमाबाईकडे उतरली. आपल्या क्वार्टरला चुना मारत असतील असं तिला वाटलं असावं. मरोद्याच्या मैदानात सकाळी वंदना झाली, मग बायकांची गाणी. पहिला आवाज तिचाच. अंगावर पांढरं लुगडं. थोडी वाळली आहे. मी पुरुषांच्या रांगेत होतो, तिला दिसेन असा.

कार्यक्रम संपल्यावर मी जीप आणून उभी केली. ललिता नको म्हणत होती. भीमाबाई म्हणाली, चाल न, एवढं सजवलं आहे त्यानं. दोघी बसल्या. ललितानं गादीवरून हात फिरवला. टाके चाचपले. हे मी पाहिलं.

चढाच्या मध्यावर थांबलो. समोरून ट्रक नव्हता, मुद्दाम थांबलो. सवयीनं ती उतरायला वळली आणि सीटखाली हात घातला. मी म्हटलं, नाही, बस. ब्रेकवरून पाय काढला. दोन्ही हात वर केले. गाडी हलली नाही.

मग मी सगळं सांगितलं. छर्रा, तेल, तांब्याचा वॉशर. म्हटलं, तुला आता उतरावं लागणार नाही, दगड आणावा लागणार नाही, काहीच करावं लागणार नाही. भीमाबाई म्हणाली, अरे पुंडलिक, तिले विचार त खरं, कशी आहे ते. मी म्हटलं, हे संपलं की विचारतो.

ललितानं ऐकून घेतलं. म्हणाली, चांगलं झालं. आता तुमाले कोणीच नाई लागत.

आणि उतरली. भीमाबाई तिच्यामागं उतरली.

मला वाटलं चाकाकडे पाहायला गेली. आरशात पाहिलं. ती चाकाशी थांबली, खरंच थांबली, मग खाली चालू लागली. आरसा उत्तम आहे. खूप लांबपर्यंत ती दिसत होती.

मला उतरता येईना. पाय क्लचवर. क्लच सोडला तर गाडी सुटणार. हँडब्रेक धरत नाही. दगड घरी. हाक मारली, पण इंजिनाचा आवाज होता. गाडी तशीच मागे सोडून तिच्यापर्यंत नेता आली असती. पण दोन महिन्यांची खटपट गाडी मागे येऊ नये यासाठीच होती.

म्हणून पुढे घेतली. सुरुवात निर्दोष. वर जाऊन वळवली, खाली आलो. तोवर दोघी बांधावरच्या पायवाटेनं शेतात उतरल्या होत्या. तिथं जीप जात नाही.

दुपारच्या गाडीनं ती देवाजीबरोबर गेली. भीमाबाईनं सांगितलं.

१५ एप्रिल, शनिवार.

रामाजीनं हँडब्रेकचा लायनर बदलला. अर्धा दिवससुद्धा लागला नाही. या वेळी काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

१६ एप्रिल, रविवार. पायरीवर बसून.

दुपारी जीप घेऊन मरोद्याला गेलो. दगड बरोबर नेला होता, का ते नीट सांगता येत नाही. मध्यावर थांबलो. हँडब्रेक ओढला. उतरलो. गाडी उभी राहिली. आता जिथं जायचं तिथं जाता आलं असतं.

दगड घेऊन पायवाटेनं खाली गेलो. तिथं कुणी नव्हतं, असायचं कारणही नव्हतं. मग तसाच घराकडे चालत निघालो. दगडाची लांबी-रुंदी, त्याची कोणती बाजू चाकाला लावायची, हे सगळं माझ्याकडे लिहिलेलं आहे. वजन कुठंच नाही.

हातात धरला तर बोटं भरून येतात. खांद्यावर घेतला तर टोचतो. कडेवरच बसतो, लहान लेकरासारखा, पण मग एका अंगानं चालावं लागतं. पाण्याच्या टाकीजवळ टेकवला. पुलाजवळ टेकवला. नंतर झाडाखाली टाकून द्यावा असं फार वाटलं. दगडच तो, दुसरा मिळाला असता.

तिनं टाकला नव्हता.

एवढा जड निवडण्यात माझी चूक झाली. हलका चालला असता. पुढच्या वेळी हलका निवडायचा.

घरी आलो तर दाराला कुलूप. किल्ली जीपमध्ये, जीप चढावर. भीमाबाईकडून कागद-पेन्सिल मागून घेतली. तिनं पाणीही दिलं. म्हणाली, उद्या सकाळची पॅसेंजर आहे. मी म्हटलं, उद्या ड्यूटी आहे. ती आत गेली.

दगड पायरीवर ठेवला आहे. गल्लीत दिवे लागले. त्या दिवशी ती याच सुमाराला टोकाशी दिसली होती. मी उठून पुढं गेलो नव्हतो.