गोल सोनं, लांब सोनं

३ नोव्हेंबर, सोमवार

भित्रा म्हणे! परत तोच शब्द. शिवाजीदादाला किती वेळा सांगू — मी लॅबमध्ये बाटल्या धुणारा, औषध वाटणारा नाही. "सोन्याचं औषध तुझ्या हाताखालून जातंय, अन् आईला एक बाटली आणता येईना?" आईच्या गालातली गाठ आता गळ्यात उतरली. डॉक्टरांनी हात टेकले, म्हणाले परभणीला ठेवून उपयोग नाही, घरी न्या. तेव्हापासून दादा माझ्या मागे. बोईसरला सोन्याच्या कंपनीत भाऊ आहे ना!

औषध नाही ते. अजून नाही. सोन्याचे कण, डोळ्याला न दिसणारे, पाण्यात. पाणी लाल दिसतं, बस.

५ नोव्हेंबर

लॅबमधल्या तेजल मॅडमना विचारलं. सहज विचारतोय असं दाखवून. म्हणाल्या, बरंचसं आकारावर आहे. कॅन्सरच्या पेशी गोल कण भराभर गिळतात. काडीसारखे लांब कण त्या कमी गिळतात.

म्हटलं, मग काड्या टाकलेल्या काचेच्या बशीतच पेशी जास्त मेलेल्या का असतात?

हसल्या. "काड्या बनवायला साबणासारखं रसायन लागतं. ते चिकटून राहतं. मारतं ते. चांगली पेशी, वाईट पेशी, त्याला काही कळत नाही."

म्हणून काड्या मशीनमध्ये फिरवून धुवायच्या. कमी धुतल्या तर विष राहतं. जास्त धुतल्या तर एकमेकींना चिकटून गाळ होतो.

"आणि गोल?"

"आत जातात. आत गेले म्हणजे आजार बरा झाला असं नाही रे. अजून बशीतच बघतोय आपण, माणसात नाही."

७ नोव्हेंबर

बशीतल्या पेशी एका बाईच्या आहेत. बाई परदेशात कधीच मेली, सत्तर वर्षं होऊन गेली. गाठ जिवंत! वाढतेच आहे. काम झालं की त्या बशांत ब्लीच ओतायचं, मग फेकायच्या. ते काम माझं. आज ओतताना तोंडातून निघून गेलं — मावशी, माफ कर.

खोलीतल्या जिवल्याला सांगितलं. जव्हारकडचा तो. म्हणाला, "मेलेलीला मावशी म्हनतोस नि जित्या आयशीला फोन करत नाय! येडा हायस."

८ नोव्हेंबर

फोन केला. आईचा आवाज तोंडात कापूस कोंबल्यासारखा. "जेवलास का, लेकरा?" एवढंच कळलं.

कामावर ब्लीच ओतताना बशीतून तोच आवाज. ओतलं.

१२ नोव्हेंबर

दादा आला. सरळ सालवडला, माझ्या खोलीवर. "तू फोनवर सांगितलंस ते गोल असो की लांब, दोन्ही दे!"

तो निघाल्याचं कळताच काल बाजारातून कोकम सरबत आणून ठेवलं होतं. पाणी घालून पातळ केलं. गोल कणांचाच रंग. बाटली लॅबमधली, तोंडाला लॅबमधलीच मेणाची पट्टी. रोज सकाळी एक टोपण, म्हणालो. दादाने बाटली कपाळाला लावली. रडला. मला रडू येईना.

तो गेल्यावर जिवल्या म्हणाला, "ता कोकम होता ना रे? केळव्याला नारळ उतरवाय जातो तवा आमी हाच पितो." मी उरलेलं मोरीत ओतलं. तोही मग हसला नाही.

आईला आता त्याने काय अपाय होणार? होणार नाही.

२० नोव्हेंबर

आईने चार घास खाल्ले. आपली आपण अंगणात आली. दादा फोनवर ओरडतोय — उतार पडला! तू भित्रा नाहीस लेका, माझा शब्द मागे!

आईशी बोललो नाही. दादा म्हणाला देऊ का, मी म्हटलं मॅडम बोलावतायत.

२३ नोव्हेंबर

बशांत ब्लीच ओतताना वाटतं, मागे कुणी बाई उभी आहे. वळत नाही.

२६ नोव्हेंबर

अर्धी बाटली दादाने रूपालीवहिनीला दिली. चुलतभावाची बायको. छातीत गाठ, लहानच, ऑपरेशन केलं की बरी होईल असं डॉक्टर म्हणाले होते. तारीख कालची. गेली नाही! "सोनं चालू असताना कापून कशाला घ्यायचं?" म्हणे. अन् दादाने तिच्याकडून चार हजार घेतले.

दादाला खरं सांगितलं. त्याने फोन कापला. वहिनी उचलत नाही. पैसे आल्यावर तरी मोबाईल बघेल. तिच्याच नंबरवर टाकतोय, सोबत लिहिलं — ते कोकम आहे वहिनी, औषध नाही, आजच दवाखान्यात जा.

चार हजार.