कोंडबा वल्द दौलतराव

जेठ, मंगळवार, शके १८५४

नाही दिली! पेन्शन नाही दिली!

कोंडबा तांबडं फुटता वाशीमले गेला अन् दिवस बुडता रिकाम्या हातानं आला. चुलीपाशी बसला, पाणी प्याला, खोकला. जर्मनवाल्या लढाईत बसऱ्याले होता, तिथून सुटला तवा सरकारनं त्याच्याजवळचं सारं काढून घेतलं— वर्दी, बूट, बंदूक. खोकला तेवढा राहू दिला. पेन्शन त्या खोकल्याचीच आहे म्हणा.

मी इचारलं, "काय म्हंते कचेरीवाला?"

"काकू, तो म्हंते, तू तू नाहीस."

"मंग कोण हाय? त्याचा सासरा?"

चंदा— त्याची बायको— पदरात हसली. तो नाही हसला.

बुधवार

आज सारं खोदून इचारलं.

दरवर्षी गावचा पाटील लिहून देते की हा माणूस जिता आहे. तो कागद दाखवला की पेन्शन. म्हातारा पाटील पलटणीच्या कागदात होतं तसंच लिहायचा— कोंडबा वल्द दौलतराव. वल्द म्हणजे अमक्याचा पोरगा. संक्रांतीले म्हातारा गेला. त्याचा पोरगा शिकलेला! त्यानं पटवाऱ्याच्या दप्तरात पाहून लिहिलं— कोंडबा वल्द मारोतराव. कारकुनानं दोन कागद शेजारी शेजारी ठेवले अन् डोळे वटारले. "एका माणसाले दोन बाप? खरा शिपाई कोणता, अन् त्याच्या नावावर खाणारा कोणता?"

तोतया म्हटलं त्याले. साऱ्या लोकाईपुढं. चौकशी लावतो म्हणे, फौजदारी करतो.

कोंडबानं घरी येऊन बैलाले शिव्या देल्या.

गुरुवार

हे कसं झालं ते मले ठाऊक आहे. मलेच ठाऊक आहे आता, बाकी सारे गेले. बोलता येत नाही म्हणून लिहिते. मिशनच्या बाईनं दोन बुकं शिकवली होती, तेवढ्यावर चाललं आहे.

पाच झाले, पाच गेले. त्याईचं लिहीत नाही. सहाव्या खेपेले सासूनं सांगतलं, याले आपला म्हणायचं नाही. पाचवीच्या दिवशी सुपात घातला अन् उंबऱ्याबाहेर शेजारच्या मनकर्णाबाईच्या हाती देला. तिनं बदल्यात सूपभर कोंडा देला. इकत घेतला. म्हणून नाव कोंडबा. पाजायले मी, पण मालकीण मनकर्णा. तिले माय म्हणायचं, तिच्या दौलतरावाले बाप. मले काकू अन् आमच्या मारोतरावाले काका. लगनात हळद लागायच्या आधी मनकर्णेनं आपला कोंडा परत घ्यायचा अन् पोर परत द्यायचं. तोवर मी तोंडातून शब्द काढायचा नाही. काढला की सटवी ऐकते अन् राहिलेलं काम पुरं करते.

अशी पोरं गावात लय आहेत. लगनात सारी परत येतात. हा पलटणीत गेला. भरतीवाल्यानं बापाचं नाव इचारलं, त्यानं शिकवलं तेच सांगतलं. त्यात त्याचं काय चुकलं? अन् तो बसऱ्याले असताना इकडे मानमोडीच्या तापाची साथ आली. मनकर्णा गेली, दौलतराव गेले. परत देणार कोण? हळद तशीच लागली. मी त्याच्या लगनात शेजारीण म्हणून बसली अन् शेजारणीसारखी जेवून उठली.

मंग आमच्या मारोतरावानं मरायच्या आधी पटवाऱ्याकडे जाऊन वावर त्याच्या नावावर लावलं, आपलं नाव बाप म्हणून देऊन. मले इचारलं नाही. म्हणे बंदी तुह्या तोंडाले हाय, माह्या नाही. तोच कागद आता आडवा आला.

म्हणजे कोंडबा अजून इकलेलाच आहे. त्याची पोरगी मोती मले आजी म्हणते अन् तो काकू. पाहुणे आले की गडबडतात.

मी सटवीले भेत नाही. मी कोणालेच भेत नाही. पण बोलत बी नाही.

शनिवार

दमणी जुंपून वाशीमले गेलो, कोंडबा अन् मी. कचेरीबाहेर चिंचेखाली गुलाम नबी अर्ज लिहिते. चष्म्याची एक काडी दोऱ्याची, पण अक्षर मोत्यासारखं. त्यानं सारं ऐकून घेतलं. मंग कलम कानावर ठेवली.

"रामीबाई, गवाह पायजे. जिनं इकत घेतलं ते नाही, ज्यानं पटवाऱ्याकडे नाव लावलं तो नाही. आता उरलं कोण? तुमी. तहसीलदारापुढं कसम घ्या का हा माहा पोरगा, रिवाजापरमानं शेजारी देला होता. मंग पलटणीच्या दफ्तरात नाव दुरुस्त होते. बात खतम."

मी म्हटलं, "दुसरं काही सांग."

"दुसरं काय?"

"मी लिहून देते. बोलणार नाही."

"अर्ज मी लिहितो, कसम तोंडानंच घ्या लागते. मुक्या हाय का तुमी? मागच्या बाजारी कुंभाराशी भांडल्या, मले इथं चिंचेखाली ऐकू आलं!"

कोंडबा जमिनीकडे पाहत होता. मी उठली अन् दमणीत जाऊन बसली. मीठ घ्यायचं राहून गेलं.

आखाड, सोमवार

चंदा दिवसभर भांडी आपटून राह्यली. मी कायले इचारू?

आखाड, शुक्रवार

जेवताना कोंडबा म्हणे, "काकू, एकडाव सांग ना."

"काय?"

"तुले ठाऊक हाय."

"भाजी घे."

"मी चाळिशीले आलो काकू. तोफेनं मेलो नाही, ज्वरानं मेलो नाही. तुह्या एका शब्दानं मरतो का?"

मी पळी फेकली. त्याले नाही लागली, भिंतीले लागली. त्यानं उचलून, धुवून परत देली. पलटणीत शिकवलं असंल.

पळी फेकल्यावर माह्या ध्यानात आलं— तो पाचव्याहून अन् चौथ्याहून अन् साऱ्याहून जास्त जगला, ते मी गप्प राह्यली म्हणून का पलटणीच्या डाक्तरामुळं? कोण सांगते? सांगणारं कोणी नाही.

आखाड, बुधवार

केनवडले जाऊन आली. प्रयागकडे. मनकर्णेची एकुलती एक पोरगी, तिथं देली आहे. मनात म्हटलं, माय नाही तर लेक. तिच्या हातानं कोंडा परत घेतला की झालं. मंग मी कुठंबी बोलायले मोकळी. नवं सूप नेलं, कोंडा नेला, वर फडकं बांधलं.

प्रयागनं चहा नाही, गूळपाणी देलं. ऐकून घेतलं. सुपाकडे पाहिलंच नाही.

"मावशी, मायनं घेतला, मी कशी इकू? माह्या हाताले तो हक नाही."

"हक मी देते."

"तुमी कोण देणाऱ्या? तुमी तर इकून बसल्या." मंग रडायले लागली. "मले भाऊ नाही, तोच एक. भाऊबीजेले दरसाल येते. सासरचे इचारतात, भाऊ आला का? मी मोठ्या तोंडानं सांगते, पलटणवाला आला! उद्या कागदावर लिहून येईल का हा दौलतरावाचा नाहीच. मंग मी कोणाले ओवाळू, तुमच्या सुपाले?"

"तो काही येणं बंद करते का?"

"कागदापुढं कोणाचं चालते?"

हे मात्र खरं बोलली. मी सूप उचललं. वाटेत बैलाईले कोंडा चारला. बैलाईनं खाल्ला.

सावन, शनिवार

वावरात तणाची डवरणी चालू आहे. कोंडबाले दोन तासांनी दम लागते. बसते, उठते. मी बांधावरून पाहते अन् दुसरीकडे पाहते.

पोळ्याचा दुसरा दिवस

कचेरीचा शिपाई आला. चौकशीची तारीख घेऊन. खुलासा नाही झाला तर मागच्या साऱ्या वर्षांची पेन्शन परत भरा अन् फौजदारी वेगळी. शिपायानं ओट्यावर बसून वाचलं, सारी आळी जमा झाली. एक जण म्हणे, "म्हणजे कोंडबा लढाईत गेलाच नव्हता का?"

ऐकलं मी. त्याच्या सात पिढ्या काढल्या. पण काय उपयोग? कोंडबा घरात गेला, ट्रंकेतून बिल्ला काढला, पुसला, परत ठेवला.

भादवा, मंगळवार

जाऊन आली.

सकाळी न्हाली. खंडोबाले, देवीले, कोणालेच काही बोलली नाही. काय सांगणार? माह्या पोराले राखा म्हणावं तर 'माहा' म्हणायलेच बंदी.

गुलाम नबीले म्हटलं, "मी बोलते. पण कोंडबाले बाहेर पाठव. चिंचेखाली उभा राहू दे. त्याच्या कानावर नाही पडलं पायजे."

गुलाम नबी हसला नाही. भला माणूस. म्हणे, "मी सांगून पाहतो."

सांगतलं. कारकून म्हणे, "बाहेर? ओळख कोणाची द्यायची मंग? इथंच उभा राहील, बाईच्या समोर."

तर माह्या समोर उभा. पलटणीसारखा ताठ, हात मांडीले लावून.

तहसीलदार साहेबानं नाव इचारलं. सांगतलं. वय?

"तुमी लिहाल ते, साहेब."

साहेब हसले. "हा समोर उभा आहे तो तुमचा कोण?"

माही जीभ टाळूले चिकटली. खरंच चिकटली. उभ्या जन्मात असं झालं नव्हतं. कोंडबा माह्याकडे पाहत नव्हता, भिंतीकडे पाहत होता. त्याच्या कानामागं एक पांढरा केस. तो कवा झाला?

"बाई?"

मी बोलली. "हा माहा पोरगा आहे."

कारकून म्हणे, "मोठ्यानं बोला. ऐकू नाही आलं."

"हा माहा पोरगा आहे."

"पोटचा?"

"पोटचा."

"पुरं वाक्य सांगा बाई, लिहायचं आहे."

मी ओरडली. "हा माहा पोटचा पोरगा आहे! आता लिहा! का आणखी गावाले ऐकवू?"

कारकुनानं लिहिलं. साहेबानं वाचून दाखवलं. मी सही केली, अंगठा नाही. साहेबाले अचंबा वाटला. मले काही वाटलं नाही.

येताना दमणीत कोंडबा खोकला अन् मी त्याचा दंड धरला. दोघंबी दचकलो.

भादवा, बुधवार

जिता आहे. जेवला.

भादवा, शुक्रवार

खोकते. नेहमीसारखाच का जास्त? चंदाले इचारलं. ती म्हणे, "तसाच हाय. तुमी काहून घडीघडी त्याच्या मागं फिरून राह्यल्या, आत्याबाई? वावरात बी, मोरीपाशी बी!"

मी म्हटलं, माह्या घरात मी कुठंबी फिरीन.

कुवार, घटातला सोमवार

अंग कोमट वाटलं. मी हात लावला तर झटकला. म्हणे, "उन्हातून आलो काकू." ओवा, तुळस, गवती चहा, सारं पाजलं. रात्री दोन भाकरी खाल्ल्या अन् तिसरी मागितली. मी तिसरी देली अन् मोरीत जाऊन उभी राह्यली थोडी.

दसऱ्याच्या मागून, गुरुवार

कागद आला. पलटणीच्या दफ्तरातून, इंग्रजीत. गुलाम नबीकडे गेलो. त्यानं दुसऱ्याकडून वाचून घेतला अन् आमाले सांगतला.

चौकशीत घेतलेला कोंडबाच्या अंगठ्याचा ठसा अन् पलटणीत नाव लिहिलं तवाचा ठसा एकच आहे. म्हणून तो खरा शिपाई. चौकशी बंद. पेन्शन चालू. आता पाटलानं दर साली पलटणीच्या कागदापरमानं लिहावं— कोंडबा वल्द दौलतराव. भरती होताना शिपायानं आपल्या तोंडानं जे सांगतलं ते बदलत नाही.

मी म्हटलं, "अन् माही कसम?"

गुलाम नबी चष्मा पुसत बसला. "ते दफ्तरदाखल केली."

"म्हणजे?"

"म्हणजे गठ्ठ्यात बांधून ठेवली, रामीबाई."

"ठसा पहिल्यापासून त्याईच्याच जवळ होता ना?"

"होता."

"मंग जेठातच काहून नाही पाहिला?"

त्यानं त्या दिवसाचा पैसा घेतला नाही. मी जबरदस्तीनं देला. असल्या दयेनं माह्या जिवाची काहिली होते.

कारतिक, भाऊबीज

दरसाल कोंडबा जाते, यंदा प्रयागच आली. आपल्या बापाचं नाव कागदावर राहिलं म्हणून पायात नवी जोडवी घालून, हसत आली. कोंडबाले ओवाळलं. तो पोटभर जेवला, ढेकर देला, मोतीले खांद्यावर घेऊन आंगणात फिरला. ठणठणीत. खोकला बी कमी.

काही झालं नाही त्याले. मी कचेरीत वरडून वरडून बोलली अन् काहीच झालं नाही.

प्रयाग गेल्यावर मी त्याले जवळ बोलावलं. म्हटलं, "आता मले माय म्हन."

त्यानं तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

म्हणे, "जीभ वळत नाही, काकू."