ताईचा पुढचा दात

१४ सप्टें. ५६
ताई आली. पदर तोंडावर. वरचा पुढचा दात अर्धा गेलेला, ओठ सुजलेला. "राम घाटावर पाय घसरला रे, मधू." सख्ख्या बहिणीची उलटतपासणी काय घ्यायची. नव्या अ‍ॅक्रिलिक मसाल्याने दात बांधला. वरचं इनॅमल फारसं उरलंच नव्हतं. सगळी भिस्त आतल्या पिवळ्या डेंटिनवर. ते ओलसर, मसाला धरत नाही. बघू.

२३ सप्टें.
निघालाच. अख्खा तुकडा, आतून गुळगुळीत. सोबत मेव्हणे, वसंतराव. दवाखान्यात सगळ्यांसमोर, "सालेसाहेब, बहन के दाँत में भी कच्चा काम?" लोक हसले. ताईही हसली, तोंडावर हात ठेवून.
काम कच्चं होतं हे खरंच.

२६ सप्टें.
उपटलेल्या दातांवर तोच मसाला लावून वजनं टांगली. नुसत्या डेंटिनवरून लगेच सुटतो. आत खाच कोरली तर धरतो, इतका की शेवटी दातच फुटला. दुपारी ताईचा दात तसाच खाच कोरून केला. भूल दिली तरी रडत होती. दुखतंय का? मानेनेच नाही.

११ ऑक्टो.
वसंतरावच घेऊन आले. "तुमचा मसाला फिर निकल गया." ताईच्या हातात लाल रुमाल, त्यात दात. मुळाजवळ मोडलेला, मसाला त्याला घट्ट चिकटून. पोळी चावून असा मोडत नाही.
"ताई, कोणी मारलं?"
तिने रुमाल मिटून घेतला. ते म्हणाले, "घर का मामला है."
पुढचं तुटक आठवतं. कॉलर धरली. खुर्चीच्या लोखंडी हातावर त्यांचं तोंड आपटलं. परत आपटलं. कंपाउंडरने मला ओढलं तेव्हा त्यांचे दोन दात फरशीवर. बरं वाटलं. फार बरं वाटलं.
ताई किंचाळली ती माझ्यावर. "आता घरी हे सगळं कुणावर निघणार, कळतं का तुला?" त्यांना धरून घेऊन गेली.

१३ ऑक्टो.
त्यांच्या दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, "भैया, दीदी अस्पताल में हैं. हाथ तोड़ दिया."
मी मारलं, तिने भोगलं.

३० ऑक्टो.
मध्य भारत राज्य परवा संपणार. वसंतरावांची बदली भोपाळला. ताईलाही नेणार. तिथे आपलं कोणी नाही. तिच्या घरी जाऊन पोलिसात चल म्हटलं. उठून आत गेली.

२ नोव्हें., शुक्र.
सकाळी दारात टांगा. ताई, ट्रंक, प्लास्टरमधला हात. देवास गेटच्या स्टँडवर भोपाळची बस सुटता सुटता एकटीच उतरली म्हणे. ते खिडकीतून ओरडले, रविवारी येतो, चोटी पकड़ के ले जाऊँगा.
चहा घेताना म्हणाली, "आले तर मी बोलेन. तू हात उचलायचा नाहीस. शपथ घे."
घेतली. पाळता येईल का, ठाऊक नाही.