भोंग्याची तार

१४ मार्च, सकाळ
बंदराबाहेर, नांगर टाकून

प्रिय ताई,
तुला नमस्कार, पिल्लांना पापा. मी बरी आहे, जेवतेखाते. तुझा गुडघा कसा आहे? आईला सांग, तिनं विणलेला स्वेटर अंगावरून उतरत नाही.

जहाजावर आमची थोडी वादावादी झाली, एवढं भाओजींनी तुला फोनवर सांगितलंच असेल. घरी ते भाओजी, इथं कॅप्टन आणि मी त्यांची चीफ ऑफिसर; व्हायचंच, असं लिहून मीही मोकळी होणार होते. पण तुला अर्धवट कळू नये.

तेल किनाऱ्यावर उपसताना टाक्या रिकाम्या होत जातात. तिथे हवा शिरली तर तेलाच्या वाफेला एक ठिणगी पुरते. म्हणून आम्ही आत जवळजवळ ऑक्सिजन नसलेला वायू सोडतो. त्यातला ऑक्सिजन वाढला की भोंगा वाजतो. परवा तो वाजला.

भाओजी म्हणाले, ऑक्सिजनचा मापक बिघडलाय, काम चालू ठेवा. आधीच उशीर झालेला, कंपनी हात धुऊन त्यांच्या मागे लागलेली. मी दुसऱ्या मापकानं तपासलं. आकडा तोच. परत येऊन बघते तर त्यांनी स्वतः भोंग्याची तार काढून ठेवलेली.

मी पंप थांबवले.

सगळ्यांदेखत ते म्हणाले, "घरचं नातं आहे म्हणून डोक्यावर बसू नकोस."

मी म्हटलं, "काही झालं तर ताईला मी काय सांगू?"

तार मीच जोडली. मग सापडलं: वायूच्या पाइपला गंजून भोक पडलं होतं, तिथून हवा ओढली जात होती. ते बुजवूनच पुढचं काम झालं. कुणाला खरचटलंही नाही.

पंप का थांबले याच्या चौकशीला उद्या माणसं येताहेत. काल भाओजींनी मला केबिनमध्ये बोलावून चहा दिला आणि तारेचं तेवढं बोलू नकोस म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. मी नाही म्हटलं. त्यांची कॅप्टनकी जाईल, ताई. तुझ्या घरावर काय येईल, ते कळतं मला. पण जहाजावर इतकी माणसं होती, आणि त्यांत तेही होते. मी सांगणार आहे.

ते घरी आले की त्यांना टोचून बोलू नकोस. घाबरले होते, वाईट नाहीत. मला हवं ते बोल. ऐकून घेईन, पण शब्द मागे घेणार नाही.

तू बोलावशील तेव्हाच येईन.

तुझीच,
धाकटी