चादरीचं दुसरं टोक

सोमवार, ४
आजपासून सुधारणा. वय सतरा आणि गुन्हा पहिलाच, म्हणून कोर्टाऐवजी हॉस्पिटलच्या लाँड्रीत पाठवलंय. उद्यापासून शुक्रवारपर्यंत काम करायचं आणि ज्यांची स्कूटर नेली त्या काकांची तोंडी माफी मागायची. नाहीतर केस कोर्टात. (चोरली नव्हती. फिरवून आणत होतो. वाटेत नाला आला.) माफी म्हणजे डाव्या हातचा मळ. उद्याच उरकतो.

मंगळवार, ५
काका लाँड्रीतच कामाला! लाँड्री सांभाळणाऱ्या मॅडमनी मुद्दाम आमची जोडी लावली. चादर दोघांनी दोन टोकांना धरायची, झटकायची, चालत समोरासमोर यायचं, कोपरे जुळवायचे. म्हणजे दर चादरीला नाकासमोर नाक. पळायला जागा नाही, खिडकीसुद्धा नाही. काका कोपरे हातात देताना उगाच थांबतात. वय झालंय, दुसरं काय. आज बोललो नाही. पहिल्याच दिवशी बोललं की मनापासून वाटत नाही.

बुधवार, ६
भाषण तयार. घरी म्हणून दाखवलं तर आईचे डोळे भरले. कांदा चिरत होती, पण तरी. लाँड्रीत मशीनची घरघर फार, एवढं भाषण वाया जायचं. काका आजही थांबत होते. त्यांच्याकडे बघितलं की मी चादरीवरचे डाग शोधायला लागतो. स्वच्छता महत्त्वाची.

गुरुवार, ७, सकाळ
सर्दीचं नाटक. बाबांनी कान धरून गेटपर्यंत सोडलं. एवढा घोडा झाला तरी अक्कल नाही, असं मोठ्याने म्हणाले. वॉचमन हसला. अशा मूडमध्ये माफी कोण मागेल?

संध्याकाळ
काकांनी विचारलं, काही म्हणायचंय का. म्हटलं, पाणी पिऊन येतो. परत आलो तर टोक धरून तसेच उभे.

शुक्रवार, ८
शेवटच्या चादरीला बोलायचं पक्कं होतं. शेवटची कुठली ते कुणी सांगितलंच नाही. मॅडम म्हणाल्या, अरे, ते दर वेळी तुझ्यासाठीच थांबत होते, पळ, गेटवर असतील. पळालो. काका पायी निघाले होते, स्कूटर अजून गॅरेजमध्ये आहे. हाक मारली. थांबले, नेहमीसारखेच. मशीन नाही, वॉचमन नाही, सगळं जमून आलेलं. मी विचारलं, काका, उद्या चादरी किती आहेत?
काका म्हणाले, उद्या तू नाहीस. आणि गेले.

शनिवार, ९
कोर्टाची तारीख आली. एका अर्थी बरंच झालं. काकाही येणार आहेत. तिथे नक्की बोलतो. फक्त हातात धरायला चादर नसेल.