नवं होल्स्टर घट्टच असतं

रविवार, १४ नोव्हेंबर
दुपार

चि. सूनबाई हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या भावाचा फोन आला होता. उद्या सकाळी तो टेम्पो घेऊन तुझं सामान न्यायला येतो आहे. मी सगळं बांधून ठेवलं आहे. कपडे दोन बॅगांत, पुस्तकं खोक्यात, शिलाई मशीन निळ्या चादरीत गुंडाळून. हे पत्र बॅगेच्या आत, कपड्यांच्या मधोमध ठेवते आहे. बाहेरच्या कप्प्यात ठेवलं तर तुझा भाऊ वाटेत वाचेल. मुलगा चांगला आहे, पण त्याला दुसऱ्याच्या गोष्टींत रस फार.

इकडे सगळं ठीक. मोरीचा नळ गळत होता, तो बदलून घेतला. प्लंबर तीन वेळा "उद्या नक्की" म्हणाला. चौथ्यांदा मी त्याच्या दुकानात जाऊन त्याचं शटर अर्धं खाली ओढलं, तेव्हा आला. शेजारीण रोज चौकशीला यायची आणि जाताना मोठा उसासा टाकायची. मी म्हटलं, "बाई गं, उसासे घरीच टाकून येत जा." दोन दिवस फिरकली नाही. मग आली आणि एक शब्द न बोलता माझ्याबरोबर शेंगा सोलत बसली. तिचं तेवढं बसणं मला पुरलं.

मी एक क्लास लावला आहे, वेळ जायला. सायकलच्या दुकानावरचा, चामड्याच्या कामाचा. तू जायचीस तोच. तुझ्या बाई अजून केसांत पेन्सिल खोचूनच शिकवतात. पहिल्या दिवशी मला म्हणाल्या, "काय करू या, आजी? चष्म्याचं घर करू? सोपं असतं." आजी म्हटल्याचं मी लक्षात ठेवलं आहे. मी म्हटलं, "पिस्तुलाचं होल्स्टर." त्यांचा हात जागच्या जागी थांबला. मी कोण ते त्यांना तेव्हा कळलं.

वेळ जायला, हे खोटं आहे. खोडत नाही, कारण खोडलेलं तू उजेडात धरून वाचशील.

तुझा भाऊ सांगत होता, तू सुई हातात घेत नाहीस, भाजीसुद्धा चिरत नाहीस. येईल-जाईल त्याला सांगतेस की मीच मारलं माझ्या नवऱ्याला. इथून निघताना दारात तू मलाही तेच म्हणालीस. "आई, ते मीच शिवलं होतं." मी काही बोलले नाही. तू त्याचा काय अर्थ घेतलास ते मला समजतं. पण मला उत्तर माहीत नव्हतं, पोरी, आणि माहीत नसताना बोलायची मला सवय नाही.

पोलिसांनी कागदावर लिहिलं, अपघात. रोकड बँकेत पोचवून तो गाडीत बसला, हातातलं पिस्तूल कमरेच्या होल्स्टरमध्ये परत सरकवलं आणि गोळी सुटली. मांडीत लागली. दवाखाना गाठेपर्यंत अंगात रक्त उरलं नाही. हे सगळं खरं. पण इतकी वर्षं तो त्या गाडीवर पहारेकरी होता, इतक्या वेळा त्याने ते पिस्तूल काढलं आणि ठेवलं. मग आताच काय वेगळं झालं? एकच गोष्ट नवी होती. कंपनीचं कापडी होल्स्टर कमरेला घासतं म्हणून तू तुझ्या हाताने शिवून दिलेलं.

तेव्हा स्पष्ट लिहिते. मी त्या क्लासला गेले ती तुझी चूक शोधायला. सापडली असती तर मला बरं वाटलं असतं. कोणावर तरी ओरडता आलं असतं. साबणाच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत मी उभा जन्म काढला. माल बिघडला की कुठे बिघडला ते सापडेपर्यंत मी कोणाला घरी जाऊ देत नसे. दुःख करायची दुसरी कुठली रीत मला येत नाही.

पोलिसांनी पिस्तूल कंपनीला दिलं आणि होल्स्टर कागदी पिशवीत घालून मला दिलं. ते समोर ठेवून, त्याच दुकानातलं, तेवढ्याच जाडीचं कातडं आणून मी कामाला लागले. पहिलं वाया घालवलं. साचा कातड्याच्या मागच्या बाजूवर आखला आणि तसाच कापला. बाई उलटसुलट करून बघत म्हणाल्या, "आजी, हे तर डावखुऱ्या माणसाचं झालं."

"का? डावखुरी माणसं पिस्तूल बाळगत नाहीत?"

"बाळगतात ना. पण आजवर एकही माझ्याकडे आला नाही. आता तुम्ही गिऱ्हाईक शोधून आणा."

मी हसले. तो गेल्यापासून पहिल्यांदा. जिना उतरेपर्यंत हसू टिकलं, आणि खाली आल्यावर त्याची इतकी लाज वाटली की रस्ता ओलांडताच येईना. सायकलवाल्याने स्टूल दिलं.

दुसरं नीट कापलं. एका दोऱ्याला दोन सुया, प्रत्येक भोकातून दोन्हीकडून टाका. माझी बोटं तुझ्यापेक्षा जास्त सोलली. शिवता शिवता तुझे टाके बघत होते. एकही ढिला नाही. कडेला, जिथे ताण येतो तिथे, तू दुहेरी शिवण घातली आहेस. मला ती सुचली नव्हती. तुझी बघून मी माझ्यावर घातली. चूक शोधायला बसले होते आणि नक्कल करत होते.

मग ते कोमट पाण्यात भिजवलं, बाईंचं लाकडी पिस्तूल आत घातलं आणि त्याची कड न् कड वर उमटेपर्यंत अंगठ्यांनी दाबत बसले. सावलीत वाळवलं. वाळल्यावर असं ताठ झालं की टेबलावर आपटलं तर फळी आपटल्यासारखा आवाज. आणि लाकूड आतून निघेना. मी ओढते आहे, बाई म्हणताहेत, "अहो, हळू! नवं होल्स्टर घट्टच असतं. लाकूड पातळ प्लास्टिकमध्ये गुंडाळा आणि रात्रभर आत राहू द्या, होतं सैल. तेल मात्र लावायचं नाही."

"का?"

"तेलाने मऊ पडतं. मग तोंड..." आणि त्या थांबल्या. माझ्याकडे बघेनात.

घरी येऊन मी दोन्ही होल्स्टरं खिडकीत शेजारी शेजारी ठेवली. अंगठ्याने दाबून बघितलं. माझं हललं नाही. तुझं कापडासारखं दुमडलं, आणि तोंडाची कड थेट आत गेली, बरोबर जिथे पिस्तुलाचा चाप येतो तिथे. बोट ठेवावं तशी. कातडं तेच, जाडी तीच. मग नाकाशी धरलं. तेल. तुझ्या शिलाई मशीनच्या तेलाचा वास येत नाही, तेही हुंगून बघितलं. हे जाडं, गाड्यांचं तेल होतं.

दुसऱ्या दिवशी त्याच्या गाडीच्या ड्रायव्हरकडे गेले. सगळे ज्यांना मामा म्हणतात ते. गॅरेजमध्ये टायरवर बसून चहा पीत होते. मला बघून उठले आणि हातातला ग्लास कुठे ठेवावा ते त्यांना समजेना.

मी म्हटलं, "मामा, होल्स्टरला तेल कोणी लावलं?"

"त्यानेच, ताई. बिजागऱ्यांना घालतो ते. चार-पाच दिवस चोळत होता. पिस्तूल निघायचंच नाही हो, हिसका मारावा लागायचा. मी म्हटलं, अरे शहाण्या, बायकोला सांग की, ती करून देईल सैल. तर म्हणतो, 'मामा, देताना तिच्या तीन बोटांना पट्ट्या होत्या. रोज संध्याकाळी विचारते, कसं बसतंय? मी सांगतो, हातमोज्यासारखं. आता कुठल्या तोंडाने सांगू?'" मग मामा म्हणाले, "मला काय माहीत ताई, तेलाने असं होतं म्हणून. मीच डबा काढून दिला." आणि मोठा माणूस लहान पोरासारखा रडायला लागला. त्यांना मी माझा रुमाल दिला, गाडी सांभाळून चालवा म्हटलं आणि निघाले.

मला ते ऐकून नवल वाटलं नाही. तो चौथीत असताना मी त्याला स्वेटर विणला होता. गळा लहान झाला. त्याने सांगितलं नाही. मी कामावर गेल्यावर ओला करून खुर्चीच्या पाठीवर चढवून ताणत बसायचा. एका रविवारी मी लवकर उठले आणि पकडला. "हे काय चाललंय?" तर म्हणाला, "काही नाही, स्वेटर खेळतोय." त्याच्यासाठी कोणी हाताने काही केलं की त्यात खोट काढायची त्याला ताकदच नव्हती. मिठाशिवाय भाजी केली तरी वाटी पुसून खायचा.

हे तुला सांगावं की नाही, यावर मी आठवडाभर घरात फेऱ्या मारल्या. सांगितलं तर एक ओझं उतरेल आणि दुसरं चढेल. पण जे तुझं नाही ते ओझं घेऊन तू जन्मभर फिरणार, हे मला चालणार नाही. तुझं काम चोख होतं. तुझ्या हाताने तो गेला नाही. तुझं मन मोडू नये म्हणून त्याने एक मूर्खपणा केला, आणि मन जप असं तू त्याला सांगितलं नव्हतंस. गाढव होता. माझा मुलगा गाढव होता. हे तुझ्याशिवाय मी कोणाला म्हणू शकत नाही, आणि दुसऱ्या कोणी म्हटलं तर ऐकून घेणार नाही.

मी शिवलेलं होल्स्टर बॅगेच्या तळाशी आहे. अंगठ्याने दाबून बघ. माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नकोस, कातड्यावर ठेव. तुझं तसंच असणार होतं, जन्मभर. तुझी आरी, सुया आणि मेणाचा दोरा पत्र्याच्या डब्यात आहेत. टाकायचे असतील तर तू टाक. माझ्याने टाकवले नाहीत.

तू शिवलेलं मी पाठवत नाही. पुरावा म्हणून ठेवलं आहे असं लिहिणार होते. पण पुराव्याची आता गरज नाही. त्याच्या कमरेच्या घामाचा डाग आहे त्यावर. मी ते उशीखाली घेते. झालं, लिहिलं.

उद्या टेम्पो गेला की तुझी खोली मी झाडून घेईन. भाड्याने द्या, म्हणतात सगळे. देणार नाही. परत ये, असंही मी म्हणत नाही. तुझ्यापुढे सबंध आयुष्य आहे आणि ते माझ्या नळाची आणि शेजारणीची कथा ऐकण्यात घालवायचं नाही. मात्र पुढच्या रविवारी मी तिकडे येते. दार तू उघड. भावाला पाठवू नकोस.

खाली काय लिहावं, यावर अडले आहे. मला तू आई म्हणायचीस ते त्याच्या नात्याने. आता मधलं माणूसच नाही, आणि तुझी आई तिथे तुझ्याजवळ आहे. तिच्या जागेवर बसायचा मला अधिकार नाही. सासू लिहायला हात धजत नाही. म्हणून जागा मोकळी सोडते. रविवारी मला बघून तुझ्या तोंडून जे येईल ते मी तिथे लिहीन. काहीच आलं नाही तरी ताबडतोब निघणार नाही, एवढं समजून अस.

तुझी