मिरची आणि भुऱ्या जर्मनीला जाणार

१९ जानेवारी २०२५

नेणार म्हणजे नेणार! दोन्ही नेणार!

जेवताना सांगून टाकलं. माय भाकरी थापत होती, हात तिथेच थांबला. "मांजरीस्ले कोन ली जास परदेशात? येडी हुई गयी का तू?" आबा नुसते मिशीत हसले. दोघांना वाटतं, दोन दिवसांचं खूळ आहे. जर्मन शिकायला लागले तेव्हाही असंच वाटलं होतं. झाले ना पास! मिळाली ना तिकडच्या हॉस्पिटलात नर्सची नोकरी! मे महिन्यात रुजू व्हायचंय.

मिरची मला नंदुरबारजवळ मिरच्या वाळत घातलेल्या पथारीवर सापडली होती, डोळे सुजून बंद. भुऱ्या आपणहून घरात शिरला. ड्यूटीवरून थकून आले की "आज किती पेशंट मेले" असं न विचारता जवळ येऊन बसणारी घरात ही दोघंच.

२६ जानेवारी

अख्ख्या रनाळे गावात बोभाटा झाला. दूध घ्यायला गेले तर शेजारच्या मंगलाबाई — "काय वं गायत्री, मांजरीस्ले जर्मन शिकाडं का?" सगळ्या फिदीफिदी.

हसा! पलीकडच्या जालमसिंगकाकांच्या मुलाने त्याची बुलेट मोटारसायकल ट्रकमध्ये घालून पुण्याला नेली, तेव्हा ह्याच गल्लीतले लोक दोर बांधायला धावले होते.

१३ फेब्रुवारी

डोकं फिरलंय.

सुरतच्या जनावरांच्या डॉक्टरांकडे दोघांच्या मानेत ओळखीची चिप बसवली, परदेशी न्यायला लागते ती. तांदळाच्या दाण्याएवढी असते. भुऱ्याने ओरबाडलं ते मला, डॉक्टरांना नाही! मग त्यांनी लसीचं कार्ड पाहिलं. "रेबीजची लस आधीच दिलीत? चिपच्या आधीची लस तिकडे चालत नाही." डिसेंबरात मीच मोठ्या हुशारीने टोचून आणली होती. आता लस पुन्हा, मग महिनाभर थांबून रक्ताची तपासणी, त्यावर तीन महिने वाट. मे गेला हातचा.

परतीच्या गाडीत रडू आवरेना. पिशवीत दोघं बोंबलत होती. समोरची बाई म्हणाली, "बेन, बिलाडी छे?"

हो, बिलाडी छे! मांजरंच आहेत! काय म्हणणं आहे?

१४ फेब्रुवारी

मे जमणार नाही असं कळवलं होतं, त्यावर नोकरी लावून देणाऱ्या एजन्सीच्या मॅडमचा फोन. "मांजर की जर्मनी, एक ठरवा. तुमच्या जागी दुसरी मुलगी तयार आहे."

"दोन्ही," म्हटलं आणि फोन ठेवला.

१८ फेब्रुवारी

मॅडमना बाजूला सारून हॉस्पिटललाच मेल केला होता, मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये. उत्तर आलं! ऑगस्टमध्ये या म्हणाले. शेवटी एक ओळ — मांजरांची नावं काय?

मायला सांगितलं, जाणं तीन महिने पुढे गेलं. केवढी खूश झाली! शेवयांची खीर केली. खाल्ली मी. पण खटकलं.

५ एप्रिल

भुऱ्या नाही. कुठेच नाही. आजच रक्त द्यायला सुरतला जायचं होतं. गच्ची, गोठा, शाळेमागचं रान, सगळं पालथं घातलं. शेवटी मंगलाबाईंच्या दारात उभी राहून ओरडले. नाही नाही ते बोलले.

त्या म्हणाल्या, "मन्हावर काय डोळा काढस? तुन्ही मायले इचार. सकायमा पिशवी लीसनी धानोराले गयथी ती."

धानोऱ्याला नानीबाई मावशी राहते.

६ एप्रिल

मावशीकडे खाटेच्या पायाला बांधला होता, लुगड्याच्या चिंधीने. पुढ्यात दुधाची वाटी, अर्धी भरलेली. मावशी माझ्याकडे बघेना. सोडवला, उचलला, आणला.

मायने नाकारलंही नाही. चुलीपुढे बसून राहिली. "बठं, सगळंच लई जाय ऱ्हायनी तू. मांजरी आठे ऱ्हातीन त तू परत येशी."

मला वाटलं होतं, तिला मांजरांचा राग आहे.

तरी म्हणाले, "मांजर गहाण ठेवून मी यायची नाही, माय. यायचं तेव्हा येईन."

"कव्हय?"

त्या 'कधी'चाच जास्त राग आला. अजून आहे.

१० एप्रिल

रक्त देऊन आलो. माय बोलत नाही. मीही बोलत नाही.

८ मे

रिपोर्ट आला. दोघं पास! स्वयंपाकघरात ऐकू जाईल इतक्या मोठ्याने आबांना वाचून दाखवला. आत भांडी जरा जास्तच वाजली.

२ जुलै

तिकीट झालं. मिरची माझ्या पायाशी, भुऱ्या पिंजऱ्यासकट विमानाच्या पोटात. एका माणसामागे एकच मांजर वर, सीटपाशी नेता येतं.

माय दोनदा एकटीच नंदुरबारला जाऊन आली. कशाला, ते सांगत नाही. आबा म्हणतात, "मालेबी सांगत नही." पुन्हा काहीतरी बेत असणार! मी ड्यूटीवर जाताना दोघांना खोलीत कोंडून किल्ली बरोबर नेते. बघू कशी पळवते.

२६ जुलै

पोस्टमन आला. मायचा पासपोर्ट!

आबा उभेच राहिले. "कोन्हाले इचारीसनी काढा?"

"मांजरीस्नी कोन्हाले इचारं व्हतं?"

मग माझ्याकडे वळली. एप्रिलनंतर आज पहिल्यांदा बोलली —

"तुन्हा येवाना भरोसा नही. मीच येसू."